बारा अंश डावीकडं

"तुझी अठरा नंबर फिरती का नुसती आळोखेपिळोखे देती, ते एकदा बघून सांग मला," मी म्हणालो.

महिपत झोरे पडवीत बसून दुधात भाकरी कुस्करत होता. मान वर न करता म्हणाला, "फिरती रं, फिरती. जरा दमानं फिरती."

"दमानं? आरं, गेल्या म्हैन्यात माझ्या सतरापेक्षा सहा टक्क्यानं खाली. त्याच्या आधीच्या म्हैन्यातबी सहा. माझी मशीन वीज करती, तुझी वारा घालती."

"ह्या म्हैन्यात बघू की."

"लाव पैज!"

मी उगंच बोललो होतो. पण आमच्या पडवीत उगंच बोललेलं वाया जात नसे, कारण तिथं गुलाबभाई मुलाणी बसलेला असे. कंपनीची जीप चालवायचा. शेजारीपाजारी कुठं ठिणगी पडली की हा आपला फुंकणी घेऊन हजर.

"पैज लागली!" गुलाबभाईनं मांडीवर थाप मारली. "आजचा शुक्रवार. पुढचे चार शुक्रवार सोडून पाचव्याला हिशेब. सतरा का अठरा, त्या शेवटच्या आठवड्यात जिची युनिटं जास्त तो जिंकला. आन् हरंल त्यानं…" तो जरा थांबला. त्याची नजर आमच्या चार घरांपुढल्या खराट्यांवर गेली. "हरंल त्यानं तळगावच्या बाजारात, यष्टी स्टँडसमोर पवनचक्की व्हायचं. दोन हातात दोन खराटे, तिसरा डोक्याला बांधायचा. जिंकंल त्यानं भोवतीनं फिरत फुंकर मारायची. जिकडनं फुंकर, तिकडं तोंड. मशीन फिरती तसंच. मी बास म्हणंपातूर."

आमची वैजा आतून ओरडली, "माझा खराटा मिळायचा न्हाई!"

"वैनी, तुमच्या मालकावर एवढा भरवसा?" गुलाबभाई म्हणाला, आणि सगळे हसले. महिपत सगळ्यांत जास्त हसला. ठसका लागेपर्यंत.

हे चौदा वर्षांपूर्वीचं. कुसरसड्यावरचं. सडा म्हणजे डोंगराचं कापून सपाट केल्यासारखं डोकं, सगळा कातळ, झाड नावाला नाही. त्याच्या पश्चिमेच्या कडेला चाळीस पवनचक्क्या ओळीनं उभ्या. आम्ही त्यांना मशीनच म्हणायचो. आम्ही ठेकेदाराकडचे टेक्निशियन. पाच-पाच मशीन एकेकाकडं. माझ्यातली सतरा आणि महिपतमधली अठरा शेजारी शेजारी. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षी उभारलेल्या, दोघींत दीडशे पावलांचं अंतर, वाराही तोच. तरी अठरा कायम सहा टक्के खाली. का, ते कुणाला कळलं नव्हतं. पाती तपासून झाली, गिअरबॉक्स तपासून झाला. शेवटी साहेब लोक म्हणाले, कातळाचा उंचवटा आडवा येतो. विषय संपला.

माझ्या दृष्टीनं तो उंचवटा फार गुणाचा. कारण, खरं सांगतो, जगात तेवढ्या एकाच गोष्टीत मी महिपतच्या वर होतो.

बाकी सगळं त्याचं चांगलं. आमची मेथी पिवळी पडायची, त्याची चार हातांवर हिरवीगार. आमच्या कोंबड्या मुंगसानं नेल्या, त्याच्या दारात कोंबडीमागं अकरा पिल्लं. पावसाळ्यात माझी कापडं चार दिवस ओली, आणि त्याची बायको लिला दुपारीच घड्या घालतीय. वैजा भांडली की तिच्या तोंडात एकच, "झोरेभावजींस्नी बघा." मी रोज बघत होतो की! दुसरं काय करत होतो मी?

आणि त्याला चिडवायचीही सोय नव्हती. मी म्हणजे अख्ख्या सड्यावर नावाजलेला वांड माणूस. एकदा मी त्याच्या रेनकोटाच्या दोन्ही बाह्यांची तोंडं सुईदोऱ्यानं शिवून टाकली. दुसरा कुणी असता तर आईबहिणीवर आला असता. हा गडी तसाच, पंख मिटलेल्या बगळ्यागत, कंट्रोल रूमपर्यंत चालत गेला आणि सगळ्यांना दाखवून म्हणाला, "सर्जेरावची शिलाई बघा, टाका कसा बारीक हाय." आता सांगा, अशा माणसाचं करायचं काय?

तेव्हा पैज मी हसत लावली खरी, पण आत वेगळंच शिजत होतं. दिवाळीनंतर कंपनी आमच्यातल्या एकाला कंट्रोल रूममध्ये कायम करणार होती. एकच जागा. आणि उरलेल्यांतला जुना माणूस राजस्थानच्या साइटवर जाणार. जुने दोघंच. मी आणि तो. वैजाची आई खाली तळगावात अंथरुणाला खिळलेली. वैजानं सांगून टाकलं होतं, "तुमी गेला तर एकटं जावा. मी आईला सोडून वाळूत यायची न्हाई." म्हणजे जागा गेली की नोकरीबरोबर बायकोही गेल्यातच जमा.

जागा कुणाला द्यायची ते ठरवायला पुण्याहून सबनीस मॅडम येऊन राहिल्या होत्या. तिशीच्या, चष्मा, पायात गमबूट, बोलणं मोजकं. त्या काळात वरून नवीन नियम आला होता. वाऱ्याची वीज आता वाटेल तशी लाइनमध्ये सोडायची नाही. उद्या किती देणार ते आज सांगायचं, तेही दिवसाचे पाव-पाव तासाचे तुकडे पाडून. आकडा चुकला की कंपनीला दंड. मॅडमचा कॉम्प्युटर उपग्रहाकडून वारा मागवायचा आणि आकडा काढायचा. तो बऱ्याचदा चुकायचा, कारण उपग्रहाला आमचा कडा माहीत नव्हता.

महिपतला माहीत होता. धनगराचा पोर, लहानपणापासून मेंढरांमागं ह्याच कातळावर वाढलेला. दुपारी चारच्या सुमारास तो कड्यावर जाऊन उभा राहायचा. खालच्या दरीतून धुकं कसं चढतंय ते बघायचा आणि येऊन सांगायचा, "मॅडम, उद्या सकाळी धापर्यंत वारा पडंल. दोनला उठंल. पाचला लई जोर करंल."

पहिल्या दिवशी मॅडमनं नुसतं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं. आठवड्यानं मी बघतो तर मॅडम कॉम्प्युटरचा आकडा खोडून महिपतचा घालतायत! आणि तो बरोबर येतोय.

"झोरे, तुम्हाला हे कसं कळतं?" मॅडमनं विचारलं.

"कळत न्हाई मॅडम, दिसतंय."

मी मागं उभा होतो. मीही दुसऱ्या दिवशी कड्यावर गेलो. अर्धा तास धुक्याकडं बघितलं. मला धुकं दिसलं. परत येऊन म्हणालो, "मॅडम, उद्या दिवसभर जोरात वारा." दुसऱ्या दिवशी काडेपेटीची काडी विझली नाही. मॅडमनं नुसतं चष्म्यावरून बघितलं.

पैजेचं म्हणाल तर पहिला आठवडा सतरा पुढं. नेहमीचे सहा टक्के. मी बाजारात खराट्यांचा भाव विचारत हिंडलो. पण दुसऱ्या आठवड्यात अंतर पाचावर आलं. मग साडेतीनावर.

झालं काय होतं की, लाइन सारखी जायची. पावसाळ्यात खालच्या सबस्टेशनला काही ना काही व्हायचं. लाइन गेली की वीज घालायची कुठं? मग चाळीसच्या चाळीस मशीन आपोआप थांबायच्या. लाइन आली की त्यातल्या अडून बसलेल्या मशीनच्या पायथ्याशी जाऊन बटणं दाबून चालू करायच्या. मी आपला चहा संपवून, बिडी विझवून उठायचो. जाईपर्यंत पाऊण तास. हा बाबा लाइन गेल्या-गेल्या छत्री घेऊन अठराच्या दारात जाऊन बसायचा. लाइन आली की पुढच्या मिनिटाला अठरा चालू. अशी मिनिटं साठवत साठवत तो वर येत होता.

"लेका, पैजेसाठी एवढा जीव काढतूस?" मी म्हणालो.

"पैजेचं सोड रं. थांबलेली बघवत न्हाई."

हे असलं बोलायचा. आणि वैजा ऐकायची.

अकरा तारखेला वारा पडला. सगळा सडा धुक्यानं गच्च भरला, हात लांब केला तर बोटं दिसेनात. दुपारी एकला लाइन गेली. सबस्टेशनवरनं निरोप आला, दोन तास तरी लागतील. महिपत भाकरी खायला घरी गेला.

मी कंबरेला पट्टा बांधला, खिशात दहाचा पाना टाकला आणि अठरा नंबरवर चढलो.

मशीनच्या डोक्यावर, अगदी मागच्या टोकाला, एक बारकी शेपटी असते. कोंबड्याच्या तुऱ्याएवढी. आम्ही तिला दिशाकाटा म्हणायचो. वारा जिकडून येईल तसा तो काटा वळतो, आणि त्याचं ऐकून ते वीस-पंचवीस टनाचं धूड, पात्यांसकट, वाऱ्याकडं तोंड करतं. म्हणजे एवढ्याशा काट्यानं खोटं सांगितलं की एवढं मोठं मशीन जन्मभर तिरकं बघत राहणार. फिरणार, पण कमी. आणि कुणाला कळणार नाही, कारण मशीनला वाटणार आपण सरळच आहोत.

पन्नास मीटर शिडी. एकट्यानं चढायचं नाही असा नियम. तो मी स्वतः नव्या पोरांना शिकवलेला. वर जाऊन झाकण उघडलं, पोटावर सरपटत शेपटीपाशी गेलो. भोवती सगळं पांढरं. खाली बघितलं तर जमीन नव्हतीच. काट्याच्या बुडाचा नट ढिला केला. फार नाही फिरवायचा. फार फिरवला तर मशीन बोंब मारते, कंट्रोल रूममध्ये लाल दिवा लागतो. बेतानं, करंगळीच्या नखाएवढा. डावीकडं. नट आवळला. झाकण लावलं.

उतरताना मला इतकं हलकं वाटत होतं म्हणून सांगू! रेनकोट शिवल्यावर वाटलं होतं त्याच्या दसपट. त्या लोखंडी नळकांड्यात शीळ घातली की घुमते. मी खालपर्यंत शीळ घालत उतरलो.

तीन दिवसांनी वारा उठला. मी कंट्रोल रूममध्ये जाऊन आकडे बघितले. सतरा, जशी असायला पाहिजे तशी. अठरा…

मी डोळे चोळले. अठरा सतराच्या बरोबरीनं चालली होती.

म्हटलं, असेल. एखादा दिवस असतो तसा. दुसऱ्या दिवशी अठरा अर्धा टक्का वर. तिसऱ्या दिवशी एक. लाइन गेली की महिपत आहेच दारात बसलेला, त्याची मिनिटं वेगळीच. मी सतराची सगळी झाकणं उघडून बघितली, पाती पुसली, ग्रीस भरलं, एक दिवस तिला नारळही फोडला. काही नाही. अठरा माझ्या डोळ्यांसमोर पुढं निघून गेली. मला वाटायला लागलं की महिपतनं हात लावलेल्या वस्तूवर माझं वाईट करणंसुद्धा चालत नाही.

पाचव्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मॅडमनं आम्हा सगळ्यांना कंट्रोल रूममध्ये बोलावलं. पडद्यावर दोन रेघा. एक निळी, एक लाल.

"ही सतरा, ही अठरा," मॅडम म्हणाल्या. "कुठल्या मशीनचं तोंड कुठल्या दिशेला होतं त्याच्या ह्या रेघा. एकच वारा, म्हणजे दोन्ही रेघा एकावर एक पाहिजेत. पण बघा, आठ वर्षांचं सगळं काढलं मी. अठरा कायम सतरापेक्षा बारा अंश उजवीकडं. आठ वर्षं ही मशीन वाऱ्याकडं तिरकी बघत होती. दिशाकाटा बसवतानाच चुकीचा बसवला होता. कातळाचा उंचवटा वगैरे काही नाही."



"आणि अकरा तारखेला," मॅडमनं पेन्सिल पडद्यावर टेकवली, "लाइन गेली तेव्हा अठरा तिरकी होती. परत चालू झाली तेव्हा सरळ. बारा अंश डावीकडं, अगदी नेमकं. हे कुणीतरी हातानं केलंय. मी कालपासून बाकीच्या तपासल्या. आणखी सात मशीन अशाच तिरक्या निघाल्या. पुण्याला कुणाच्या लक्षात आलं नाही ते इथं कुणाच्या तरी लक्षात आलं. झोरे, तुमची मशीन आहे. तुम्ही केलंत?"

मी जमिनीकडं बघत होतो. मला वाटलं, झालं. हा आता हो म्हणणार. मी लावलेल्या काट्यावर जागा घेऊन जाणार. आणि मला तोंड उघडता येणार नाही.

"न्हाई मॅडम," महिपत म्हणाला. "मी न्हाई केलं. सर्जेरावनं केलं."



"त्या दिवशी भाकरी खाऊन मी लौकर माघारी आलो. धुकं हुतं. मशीनच्या अलीकडं जरा… पोट बरं नव्हतं, बसलो हुतो. दिसत काय न्हवतं. पर टावरमधनं शीळ ऐकू आली. अशी शीळ सड्यावर एकच माणूस घालतो. मग दार वाजलं, सर्जेराव बाहेर आला आन् निघून गेला. मला वाटलं सांगंल. बोलला न्हाई. मीबी मग इचारलं न्हाई. पैज लावलेली असताना माझी मशीन सरळ केली त्यानं. कुणाला कळू दिलं न्हाई. आता सांगून घालवू कशाला म्हटलं, तुमी इचारलं म्हणून सांगतो."

त्याच्या तोंडावर हसू होतं. नेहमीचंच. मी वाकडं शोधत होतो त्यात. सापडलं नाही.

मॅडम माझ्याकडं वळल्या. पहिल्यांदाच चष्म्यातून, वरून नाही. "निकम, हे खरं?"

"अठरावर मी चढलो होतो," मी म्हणालो. शब्दाला शब्द खरं होतं ते.

"एकट्यानं चढलात ते चूक. पण हे काम…" त्यांनी वही उघडली. "मी उद्या दुपारच्या गाडीनं पुण्याला जातेय. सोमवारी नाव द्यायचंय. तुमचं देतेय."

गुलाबभाईनं मला खांद्यावर घेतलं. महिपतनं पाठीत गुद्दा घातला.

घरी गेलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. वैजानं शिरा केला होता. तिनं ताट वाढलं आणि समोर बसून माझ्याकडं बघत राहिली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, असं बघितल्याचं मला आठवत नव्हतं.

"तुमी असं करचाल असं वाटलं न्हवतं," ती म्हणाली.

"हं."

"मला वाटायचं तुमी भावजींवर जळता."

"हं."

"आईला सांगून आले. रडली ती. म्हणाली, आता पोरगी डोळ्यासमोर राहील." तिनं आणखी शिरा वाढला. वाटी भरून घेतली, पदरानं झाकली आणि उठली. "ही लिलाकडं देऊन येते. पर काय म्हणा, झोरेभावजी म्हंजे देवमाणूस. दुसरा कुणी असता तर आपलंच नाव सांगून मोकळा झाला असता. जागा समोर दिसत असताना दुसऱ्याचं नाव घ्यायचं म्हंजे केवढं काळीज पायजे!"

माझ्या तोंडातला शिरा तिथंच राहिला.

बाहेर पडवीत गुलाबभाई कुणाला तरी तेच सांगत होता. "महिपतनं दिली बघ जागा. हातानं उचलून दिली."

त्या रात्री मी झोपलो नाही असं नाही, चांगला झोपलो. पण सकाळी उठलो तेव्हा दात आवळलेले होते.

शुक्रवारी पैजेचा हिशेब झाला. शेवटच्या आठवड्यात अठरा एक टक्क्यानं पुढं. कुणी म्हणालं, आता कशाला ते सोंग, जागा तर मिळाली. गुलाबभाई म्हणाला, "जागा जागेच्या जागी. पैज ती पैज." जीपमध्ये पुढं मॅडम, मागं आम्ही, आमच्या बायका आणि तीन खराटे. एक वैजाचा. स्वतः देऊन बसली होती, हौसेनं.

तळगावच्या यष्टी स्टँडसमोर बाजार भरला होता. गुलाबभाईनं पाठीमागून तिसरा खराटा माझ्या डोक्याला मफलरनं बांधला. दोन मी हातात धरून पसरले. पहिल्याच झटक्याला भज्याच्या गाड्यावरची माणसं इकडं आली. मग भाजीवाल्या बायका. मग पुण्याच्या गाडीतले उतारूसुद्धा खिडक्यांतून बाहेर. मॅडम स्टँडच्या पायरीवर बॅग घेऊन उभ्या. हसू दाबत होत्या.

"वारा सोड रं महिपत!" गुलाबभाई ओरडला.

महिपत माझ्यासमोर आला आणि गाल फुगवून फू करून फुंकर मारली. मी हात गरागरा फिरवले. लोक खदखदून हसले. तो उजवीकडं सरकला, फुंकर. मी उजवीकडं तोंड केलं. तो मागं गेला. मी मागं. सोंग मला जमतं, त्यात माझा हात कुणी धरू नये. मी मधेच घर्र घर्र आवाज काढला, लाइन गेली म्हणून थांबलो, लाइन आली म्हणून झटका दिला. बाजार लोळत होता.

आणि दर वेळी वळलो की समोर महिपतचं तोंड. एका हातावर. गाल फुगवलेलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारं. माझ्यासाठी आनंद झालेलं.

वैजा लिलाचा दंड धरून उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला होता, आणि ती माझ्याकडं नाही, त्याच्याकडं बघत होती.

मी म्हणालो, "मी तिरकी करायला चढलो होतो."

महिपतनं फुंकर मारली. त्याला वाटलं सोंगातलंच काहीतरी.

मी खराटे पसरलेलेच ठेवले आणि मोठ्यानं ओरडलो. "ऐका हो! मी ह्याची मशीन सरळ करायला न्हवतो चढलो! वाकडी करायला चढलो होतो! हा पैज जिंकाया लागला म्हणून! आधीच वाकडी होती ते मला काय ठावं? मी वाकडी केली ती सरळ झाली!"

बाजार फुटला. हशा म्हणजे काय हशा! भज्याच्या गाडीवाल्यानं झारा कढईवर बडवला. "निकमाचा नाद न्हाई करायचा!" कुणीतरी ओरडलं. गुलाबभाई पोट धरून खाली बसला. वैजासुद्धा हसली.

दोघं हसली नाहीत.

मॅडम पायरीवरून खाली आल्या. गर्दीतून माझ्यासमोर. "काटा कुठं फिरवलात?"

"डावीकडं."

"किती?"

"करंगळीच्या नखाएवढा."

"मोजून?"

"छ्या. अंदाजानं. कळू नये एवढाच."

"आणि चुकून उजवीकडं फिरवला असतात तर?"

"तर चोवीस अंश झाले असते, मॅडम. अठरा पार बसली असती."

"आणि मग?"

"मग महिपत राजस्थानात गेला असता."

लोक अजून हसत होते. मॅडमनं बॅगेतून वही काढली, उभ्या-उभ्या पान उलटलं, एक ओळ खोडली आणि वर काहीतरी लिहिलं. "झोरे," त्या म्हणाल्या, "तुम्ही सोमवारी दहाला फोनपाशी थांबा." मग गाडीत जाऊन बसल्या. गाडी सुटली.

वैजाचा पदर तोंडावरून खाली आला होता. तिला आता कळलं होतं. ती वळून बाजारातून आईच्या घराच्या दिशेनं चालू लागली.

महिपत अजून समोर उभा होता. गाल अर्धे फुगलेले, फुंकर बाहेर न पडलेली. ती हळूच नाकातून निघून गेली. मग त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. असं तोंड मी पाच वर्षांच्या शेजारात कधी बघितलं नव्हतं. त्याचं काहीतरी काढून घ्यायचं म्हणून एवढी वर्षं मी धडपडत होतो, आणि ते आता माझ्या हाती लागलं होतं.

"चालू द्या की रं!" गुलाबभाई डोळे पुसत ओरडला. "मी बास म्हणालो न्हाई अजून!"

"मार रं फुंकर!" बाजार ओरडला.

महिपतनं खाली मान घातली आणि माझ्या पाठीमागं गेला. मी फुंकरीची वाट बघत थांबलो. मानेला वारा लागला नाही. तरी मी खराटे पसरून वळलो. तो बाजूला सरकला. मी वळलो. तो आणखी सरकला, आणि मी पुन्हा त्याच्याकडं तोंड केलं.